सुपरहिरोपटांतली भीती कुठे गेली, आणि भयपटांत ती कशी टिकली?

मध्यंतर :

नमस्कार मंडळी. या धाग्यात चित्रपटांच्या शेवटांविषयी मोकळेपणाने लिहिले जाणार आहे, तेव्हा ज्यांनी 'सिनर्स', 'वेपन्स' हे भयपट किंवा 'थंडरबोल्ट्स', 'सुपरमॅन', 'फॅन्टास्टिक फोर' हे सुपरहिरोपट अजून पाहिलेले नाहीत त्यांनी रसभंगाची तयारी ठेवूनच पुढे वाचावे.

मी सुपरहिरोपटांचा जुना चाहता आहे. २०१९ मध्ये मार्व्हल या सुपरहिरोपट काढणाऱ्या अमेरिकी कंपनीचा 'एंडगेम' लागला तेव्हा पहाटेच्या खेळासाठी झोपमोड करणाऱ्यांतला मी एक होतो, आणि भयपटांकडे मात्र कॉलेजच्या दिवसांपासून जरा तुच्छतेनेच पाहत आलो होतो. आता पारडे फिरले आहे. एप्रिल ते ऑगस्ट २०२५ या काळात अमेरिकेतून आलेले दोन्ही प्रकारांतले मोठे चित्रपट मी ओळीने चित्रपटगृहात पाहिले. तेव्हा असे लक्षात आले, की सुपरहिरोपट पाहून बाहेर पडताना आम्हा मित्रांचे बोलणे पुढच्या भागात कोण येणार यावर चालते, आणि भयपट पाहून बाहेर पडताना मात्र त्यातल्या माणसांनी असे का केले, यावर चालते.

'सुपरमॅन' मला आवडला. लोइस लेन त्याची मुलाखत घेते आणि तो चिडत, अडखळत, स्वतःच्याच उत्तरांत गुंतत जातो, तो प्रसंग तर फार चांगला लिहिलेला आहे. पण त्या सव्वादोन तासांत मला मुळापासून हादरवणारा क्षण एकच आला. खलनायक लेक्स लूथर फलाफल विकणाऱ्या एका साध्या माणसाच्या डोक्याला पिस्तूल लावतो, सुपरमॅनला प्रश्न विचारत एकेकदा चाप ओढतो, आणि शेवटी गोळी खरोखरच सुटते. तिथे कुणीही उडत येऊन त्या माणसाला वाचवत नाही. (आपल्याकडे कात्री लागली ती चुंबनदृश्याला, हे जाता जाता नोंदवतो.) त्यानंतर इमारती कोसळतात, शहर दुभंगते, पण त्या एका गोळीचा धक्का पुढे कशालाच येत नाही.

'फॅन्टास्टिक फोर'ने तर माझी निराशाच केली. १९६० च्या दशकाची आठवण करून देणारे ते देखणे जग, मायकेल जियाकिनो यांचे संगीत, अवकाशयानात पाठलाग चालू असताना चौघा नायकांतल्या सू स्टॉर्मला लागलेल्या प्रसूतिकळा, सगळे मन लावून केलेले आहे. शेवटी पृथ्वी गिळायला आलेल्या गॅलॅक्टसला ढकलून देताना सू प्राण सोडते, तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो. आणि काही मिनिटांतच तिचे तान्हे बाळ तिला पुन्हा जिवंत करते. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी त्या वेळी घड्याळ पाहिले, आणि मला त्यांचा अजिबात राग आला नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी 'वेपन्स' पाहिला. एका गावातली, एकाच वर्गातली सतरा मुले रात्री २ वाजून १७ मिनिटांनी अंथरुणातून उठतात, दार उघडतात आणि दोन्ही हात पंखांसारखे मागे पसरून अंधारात धावत सुटतात. त्यांतल्या एका मुलाचा बाप झालेला जॉश ब्रोलिन दारावरच्या कॅमेऱ्यातले चित्रण पुन्हा पुन्हा पाहतो, मुलगा कोणत्या दिशेने पळाला हे ताडतो, दुसऱ्या घरातले चित्रण मिळवतो आणि नकाशावर पट्टी ठेवून रेघा ओढत बसतो. ज्या नटाने मार्व्हलच्या चित्रपटांत थॅनोस हा खलनायक म्हणून चुटकीसरशी अर्धे विश्व नाहीसे केले, तोच इथे पेन्सिल घेऊन एक मूल शोधत असतो, आणि मला त्या रेघांनी जेवढे खिळवून ठेवले तेवढे त्या चुटकीने ठेवले होते की नाही, याची आता शंका येते.

माझा प्रश्न असा, की हा माझ्या वयाचा आणि अतिपरिचयाचा परिणाम आहे, की चित्रपट रचण्याच्या पद्धतीतच काही बदलले आहे? सुपरहिरोपटांतले धोके खोटे का वाटू लागले, आणि भयपटांतले अशक्यप्राय धोके खरे का वाटतात?

चौथी रांग :

विषय चांगला काढलात. वयाचा दोष मला वाटत नाही, कारण माझ्या घरातली कॉलेजात जाणारी मुलेही हेच म्हणतात, आणि त्यांचा 'अतिपरिचय' तुमच्या-माझ्याइतका जुना नाही.

माझ्या मते मुख्य फरक किमतीचा आहे, म्हणजे पात्राला मोजाव्या लागणाऱ्या किमतीचा. चांगल्या भयपटात एक नियम असतो, तो आधी सांगितला जातो, आणि तो मोडला की कुणालातरी कायमचे काहीतरी गमवावे लागते. 'सिनर्स'मध्ये रक्तपिपासू आत बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडू शकत नाहीत, हा जुनाच नियम आहे, पण रायन कूगलर यांनी तो किती बारकाईने वापरला आहे ते पाहा. १९३२ सालचे मिसिसिपी, जुन्या लाकूडगिरणीत स्मोक आणि स्टॅक या जुळ्या भावांनी काढलेला गाण्याबजावण्याचा अड्डा, आणि दारावर राखणीला उभा असलेला धिप्पाड कॉर्नब्रेड. तो लघुशंकेसाठी शेतात जातो आणि बऱ्याच वेळाने परत येतो. दिसायला तोच, हसणेही तेच, पण आता तो दारात थांबून आत घेण्याची विनवणी करू लागतो. ज्याला बाजूला सारायला चार माणसे लागतील, त्याला आत यायला कुणी 'ये' म्हणण्याची गरज का पडावी, ही शंका स्मोकच्या बायकोला, ॲनीला, येते आणि त्या क्षणी सगळे प्रेक्षागृह थिजते. या प्रसंगात रक्ताचा थेंबही नाही. दार, उंबरठा आणि एका ओळखीच्या माणसाचा लाघवीपणा, एवढ्यावर सगळी भीती उभी आहे.

पुढे हाच नियम कथेला कलाटणी देतो. गावात असलेल्या आपल्या मुलीवर बेतणार हे कळल्यावर अड्ड्यात अडकलेली दुकानदारीण ग्रेस संतापाच्या भरात त्या सर्व रक्तपिपासूंना स्वतःच आत बोलावते. नियम पटकथेच्या सोयीसाठी कुणी बदललेला नाही; एका आईने तो जाणूनबुजून वापरला आहे, आणि त्यामुळे पुढच्या प्रत्येक मृत्यूची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न शेवटपर्यंत टोचत राहतो.

आता दुसऱ्या बाजूला पाहा. मार्व्हलने समांतर विश्वांची कल्पना आणली तेव्हापासून कोणतेही पात्र दुसऱ्या विश्वातून परत आणता येते. गमोरा ही नायिका गेली आणि तिचे दुसरे रूप आले, लोकी या पात्राचेही तेच झाले. 'एंडगेम'मध्ये ज्याच्या मरणावर आपण सगळे रडलो त्या टोनी स्टार्कचा, म्हणजे आयर्न मॅनचा, नट आता डॉक्टर डूम हा खलनायक म्हणून परत येणार, हे २०२४ च्या जुलैमध्ये टाळ्यांच्या गजरात जाहीर झाले. पात्र वेगळे आहे हे मान्य, पण मरणाला काही अर्थ आहे असे त्यानंतर प्रेक्षकाला कोणत्या तोंडाने सांगणार?

कूगलर यांचेच उदाहरण घ्या, म्हणजे हा प्रश्न गुणवत्तेचा नाही हे पटेल. मार्व्हलसाठी त्यांनीच 'ब्लॅक पँथर' केला, आणि २०२० मध्ये त्यातला नायक चॅडविक बोझमन खरोखरच गेल्यावर 'वाकांडा फॉरेव्हर'ही त्यांनीच लिहिला आणि दिग्दर्शित केला. त्या चित्रपटाच्या मध्यभागात नाना भानगडी आहेत, पण त्यातले दुःख अस्सल आहे, कारण त्या एका वेळी मृत्यू मागे घेण्याचा मार्ग कुणालाही उपलब्ध नव्हता. बोझमन यांच्या जागी दुसरा नट घ्यायचा नाही असे ठरले, आणि अवघ्या चित्रपटाला ती पोकळी घेऊन चालावे लागले. अलीकडच्या सुपरहिरोपटांतले सर्वांत खरे शोकदृश्य पटकथाकाराच्या नव्हे तर नियतीच्या हातून आले, यात मला त्या कारखान्यावरची सर्वांत कडक टीका दिसते.

दिग्दर्शनाच्या अंगानेही एक मुद्दा आहे. सुपरहिरोपट आणि भयपट यांच्यात कधीच भिंत नव्हती. सॅम रेमी 'ईव्हिल डेड' करून 'स्पायडर-मॅन'कडे आले, जेम्स वान 'सॉ' आणि 'कॉन्ज्युरिंग' करून 'अ‍ॅक्वामॅन'कडे, आणि जेम्स गनसुद्धा 'स्लिदर'मधल्या गिळगिळीत किड्यांपासून सुरुवात करूनच सुपरमॅनपर्यंत पोहोचले. प्रश्न असा आहे की येताना त्यांना आपले सामान बरोबर आणू दिले का. २००४ च्या 'स्पायडर-मॅन २' मधला शस्त्रक्रियागृहातला प्रसंग पुन्हा पाहा. खलनायक ऑक्टेव्हियसच्या पाठीला चिकटलेले यांत्रिक हात कापण्यासाठी डॉक्टर करवत सुरू करतात आणि ते हात जागे होतात. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. फक्त किंकाळ्या, करवतीची घरघर, भिंतीवर पडणाऱ्या सावल्या आणि जमिनीवरून फरफटत नेल्या जाणाऱ्या परिचारिकेची फरशीवर ओरखडणारी नखे. तो प्रसंग लहान मुलांना दाखवायच्या चित्रपटात आहे यावर आज विश्वास बसत नाही. २०२२ च्या दुसऱ्या 'डॉक्टर स्ट्रेंज'मध्ये रेमींनी पुन्हा थोडे सामान आणले, लंगडत, रक्ताळलेल्या चेहऱ्याने बोगद्यातून मागे लागणारी खलनायिका वांडा अजून आठवते. पण तो चित्रपट मुळात करणार होते स्कॉट डेरिक्सन. ते मतभेदांमुळे बाहेर पडले आणि त्यांनी 'द ब्लॅक फोन' केला. त्यांचा निर्णय योग्यच होता.

'थंडरबोल्ट्स'ला मात्र मी या तक्रारीतून वगळीन. तिथे बॉब या अफाट शक्तीच्या तरुणाच्या आतला काळोख शहरावर पसरतो तेव्हा माणसे किंचाळतही नाहीत. चालता चालता पुसली जातात आणि रस्त्यावर फक्त काळी सावली उरते. त्या काळोखाला बॉब ठोसे मारत सुटतो तेव्हा तो काळोख त्यालाच अधिकाधिक गिळत जातो, आणि अखेर येलेना व टोळीतले इतर जण त्याला घट्ट धरून ठेवतात, एवढाच त्यावरचा उपाय आहे. नैराश्याबद्दल एवढ्या खर्चिक चित्रपटात इतके सरळ बोललेले मी पाहिले नव्हते. मग प्रदर्शनाला आठवडाही होत नाही तोच जाहिरातींवरचे नाव बदलून 'द न्यू अ‍ॅव्हेंजर्स' केले गेले, म्हणजे ज्या गुपितावर शेवट बेतला होता ते निर्मात्यांनीच भिंतींवर चिकटवले.

जमाखर्च :

वरच्या दोघांनी पटकथेबद्दल लिहिले, मी थोडे पैशांबद्दल लिहितो, कारण पटकथेतली पुष्कळशी भित्रेगिरी तिथून येते.

'वेपन्स' सुमारे ३.८ कोटी डॉलरमध्ये झाला आणि जगभरातून त्याने २६ कोटींहून अधिक गोळा केले. 'थंडरबोल्ट्स'चा निर्मितीखर्च सुमारे १८ कोटी डॉलर आणि जमा सुमारे ३८ कोटी. तिकिटाच्या पैशांतला मोठा वाटा चित्रपटगृहांकडे जातो आणि जाहिरातीचा खर्च निराळाच असतो, हे लक्षात घेतले तर समीक्षकांनी वाखाणलेला दुसरा चित्रपट हिशेबाच्या वहीत अपयशी का ठरला, ते कळते. 'सुपरमॅन'चा खर्च तर २२ कोटींच्या पुढे. एवढी रक्कम वसूल करायची तर दहा वर्षांचे मूल, त्याचे आजोबा आणि परदेशातला डब केलेला चित्रपट पाहणारा प्रेक्षक या सर्वांना एकाच वेळी सांभाळावे लागते, आणि शिवाय चार वर्षांनी येणाऱ्या चित्रपटासाठी पात्रे शिल्लक ठेवावी लागतात. ज्या पात्राच्या नावाने खेळणी विकली जात आहेत ते कायमचे मारण्याची परवानगी कोणता हिशेबनीस देईल?

भयपटाला मोठा नट लागत नाही, नावाजलेले पात्र लागत नाही, आणि तो पडला तरी कंपनी बुडत नाही. म्हणूनच तिथे दिग्दर्शकाला शेवट आपल्या मनासारखा करता येतो. 'सिनर्स' याला थोडा अपवाद आहे. त्याचा खर्च नऊ-दहा कोटींच्या घरात होता आणि तो महागड्या मोठ्या फिल्मवर चित्रित झाला. पण तिथेही कूगलर यांनी करारातच लिहून घेतले, की २५ वर्षांनी चित्रपटाची मालकी त्यांच्याकडे परत येईल. ज्याला वस्तू स्वतःची होणार हे ठाऊक आहे तो ती निराळ्या हाताने घडवतो.

संशयात्मा :

आपण सगळे एकाच सुरात गाऊ लागलो आहोत, म्हणून थोडा बेसूर लावतो.

तुम्ही भयपटांतले उत्तम निवडून सुपरहिरोपटांतल्या बऱ्यावाईट सगळ्यांशी तोलत आहात. त्याच वर्षी भयपट म्हणून जे इतर शेकड्याने आले, त्यांतले किती तुम्हाला आठवतात? काळोखी घर, मोठ्या आवाजासरशी आरशात दिसणारा चेहरा, मग काही क्षण शांतता आणि पुन्हा मोठा आवाज. हा साचा केपवाल्या नायकाच्या साच्यापेक्षा जुना आहे आणि कितीतरी अधिक आळशी आहे. आवाज वाढवून दचकवणे हा माझ्या मते भयपट नव्हेच, ती केवळ शरीराची प्रतिक्रिया असते.

शिवाय ज्या रोगाचे निदान तुम्ही सुपरहिरोपटांत केले आहे तो भयपटांनाही जडला आहे, आणि त्याला प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेला 'द कॉन्ज्युरिंग : लास्ट राइट्स' पाहा. भुताखेतांचा छडा लावणारे एड आणि लॉरेन वॉरन हे जोडपे आता सुपरहिरोच झाले आहे: त्यांना काही होणार नाही हे पहिल्यापासून ठाऊक, त्यांच्याकडे दिव्य दृष्टी, मंत्र आणि शस्त्रासारखा क्रूस, त्यांच्या तळघरात जुन्या खलनायकांचे संग्रहालय, आणि शेवटी मुलीच्या लग्नात आधीच्या भागांतली माणसे एकेक करून दर्शन देतात. 'एंडगेम'मधल्या टाळ्या वसूल करणाऱ्या प्रवेशांत आणि या लग्नात मला तत्त्वतः काही फरक दिसला नाही. तरीही या चित्रपटाने जगभरातून ४९ कोटी डॉलरच्या आसपास कमावले आणि आपल्याकडेही त्याचे खेळ भरून गेले. म्हणजे प्रेक्षकांना किंमत मोजणारी पात्रे हवी आहेत, हे 'चौथी रांग' यांचे म्हणणे तिकीटखिडकीवर तरी सिद्ध होत नाही.

हिंदीतही तेच. 'स्त्री २' मध्ये सरकट्याने, म्हणजे मुंडके नसलेल्या भुताने, गावातल्या बायका पळवून नेण्याची कल्पना खरोखर भयंकर आहे, आणि त्या भयाला स्वतःचे वजन होते. पण दुसऱ्या चित्रपटातला भेडिया आला, पाहुणा नट आला, पुढच्या चित्रपटाची पेरणी झाली, आणि त्याच मालिकेतल्या 'थामा'पर्यंत येता येता मला भुतांची कुस्ती पाहायला बसल्यासारखे वाटू लागले.

आणि मूळ प्रश्नाबद्दल म्हणाल, तर सुपरहिरोपटाने भीती का घालावी? त्याचे काम निराळे आहे. नव्या 'सुपरमॅन'मध्ये नायक भर लढाईत एक खार वाचवतो, त्यावर पुष्कळांनी टिंगल केली. मला तो त्या चित्रपटाचा गाभा वाटला. ज्या जगात फलाफलवाला वाचत नाही त्याच जगात खारीसाठी थांबणारा कुणी आहे, हे भयपट दाखवू शकत नाही आणि त्याने दाखवूही नये.

पिंपळपार :

चर्चा अमेरिकेभोवती फिरते आहे, ते विषयाला धरूनच आहे, पण या दोन्ही प्रकारांची सर्वांत चांगली सांगड २०२५ मध्ये केरळात घातली गेली, हे नोंदवल्याशिवाय मला राहवत नाही. मी नोकरीनिमित्त बंगळुरूला असते आणि 'लोका : चॅप्टर १ – चंद्रा' इथेच, मल्याळम प्रेक्षकांनी भरलेल्या चित्रपटगृहात पाहिला. कथाही याच शहरात घडते, त्यामुळे रात्रपाळी करणाऱ्या एकट्या मुलीकडे शेजारी ज्या नजरेने पाहतात ती नजर मला चांगलीच ओळखीची होती.

चंद्रा ही केरळच्या लोककथेतली कळ्ळियंकाट्टु नीली, म्हणजे यक्षी. परंपरेत ही पुरुषांना भुलवून त्यांचे रक्त पिणारी, आणि कडमट्टत्तु कत्तनार या मांत्रिक धर्मगुरूने बंदिस्त केलेली. दिग्दर्शक डॉमिनिक अरुण आणि सहलेखिका शांती बालचंद्रन यांनी या कथेची बाजूच बदलली. इथली नीली ही मंदिरप्रवेशावरून राजाच्या माणसांनी उद्ध्वस्त केलेल्या आदिवासी वस्तीतली मुलगी आहे, आणि कत्तनार तिला बांधून घालण्याऐवजी तिच्या शक्तीला वाट दाखवतो. ज्यांनी तिला छळले त्यांनीच पुढे तिची भुताची गोष्ट रचली, असे हा चित्रपट सुचवतो. सुपरहिरोची जन्मकथा आणि भुताची जन्मकथा या दोन्ही मुळात अन्यायाच्याच कथा असतात, हे इतक्या नेमकेपणाने मांडलेले मी इतरत्र पाहिले नाही.

तुमच्या 'किमती'च्या मुद्द्यालाही हा चित्रपट उतरतो. चंद्राला ऊन सोसत नाही, रक्ताची भूक मारावी लागते, आणि पिढ्यामागून पिढ्या जिवंत राहिल्यामुळे जवळचे कुणी उरत नाही. समोरच्या घरातला सनी तिच्यावर भाळतो, तेव्हा प्रेमकथा रंगण्यापेक्षा त्या बिचाऱ्याचे काय होणार याचीच काळजी अधिक वाटते. नाही म्हणायला उत्तरार्ध पुढच्या भागांची सोय करण्यात सैल पडतो, आणि पाहुण्यांची गर्दीही आहे. पण मूळ खर्च हॉलीवूडच्या तुलनेत किरकोळ असूनही कल्याणी प्रियदर्शनच्या खांद्यावरचा हा चित्रपट तीनशे कोटी रुपयांच्या पलीकडे गेला.

आता आपल्या अंगणातले. 'मुंज्या' २०२४ मध्ये आदित्य सरपोतदार यांनी केला. त्याआधी त्यांनी मराठीत 'झोंबिवली' केला होता आणि पुढे 'थामा'ही त्यांचाच. कोकणातला तो आरंभ, नुकतीच मुंज झालेला, डोक्याचा गोटा केलेला पोरगा, त्याचा हट्ट, आणि आपली इच्छा पुरी व्हावी म्हणून झाडाखाली स्वतःच्या बहिणीचाच बळी द्यायला निघालेली त्याची जिद्द. तेवढा भाग पाहताना मला आजीने सांगितलेल्या पिंपळावरच्या मुंजाची भीती जशीच्या तशी पुन्हा वाटली. पुढे संगणकावर घडवलेला मुंज्या दात विचकत विनोद करू लागतो आणि भीती निघून जाते. सुहास जोशींची आजी जितका वेळ पडद्यावर आहे तितका वेळ मात्र चित्रपट घरचा वाटतो. वेताळ, हडळ, जखीण, खवीस, चकवा एवढे भांडवल आपल्याकडे पडून आहे, आणि या सगळ्यांना आपापले नियम आणि आपापल्या अडचणी आहेत. त्यांतले एखादे केरळच्या नीलीसारखे गंभीरपणे घ्यावे, असे कुणाला वाटत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. 'तुंबाड'ने हस्तर हा लोभी देव नव्याने रचला आणि लोभाची किंमत अखेरपर्यंत वसूल केली; २०१८ मध्ये ज्याकडे लोक फारसे फिरकले नाहीत त्याच चित्रपटाने २०२४ मध्ये पुन्हा लागल्यावर पहिल्या वेळेपेक्षा अधिक गल्ला जमवला. 'संशयात्मा' यांना तिकीटखिडकीचा पुरावा हवा असेल तर हा घ्यावा.

मध्यंतर :

सर्वांचे आभार. 'संशयात्मा' यांचा खारीचा मुद्दा मला पटला आणि तो मी 'सुपरमॅन' पुन्हा पाहताना ध्यानात ठेवीन. मात्र त्यांनीच लिहिल्याप्रमाणे, फलाफलवाला वाचत नाही म्हणून खार वाचण्याला मोल येते. 'फॅन्टास्टिक फोर'मध्ये तसा कुणी न वाचलेला माणूस नाही, माझी तक्रार तेवढीच आहे.

'लोका' मी केवळ नावावरून पौराणिक असेल असे समजून सोडून दिला होता. 'पिंपळपार', हिंदीत डब केलेला पाहावा की मल्याळमच पाहावा?

पिंपळपार :

मल्याळमच पाहा, उपशीर्षके लावून, जिओहॉटस्टारवर आहे. हिंदीत सनी आणि त्याच्या मित्रांच्या टवाळकीतला सगळा खट्याळपणा सपाट होतो, आणि पूर्वार्ध बराचसा त्या तिघांच्या बोलण्यावरच चालतो. जमल्यास रात्री पाहा आणि हेडफोन लावा, कारण जेक्स बिजॉय यांचे संगीत टीव्हीच्या आवाजात अर्धेच पोहोचते.

चौथी रांग :

'संशयात्मा' यांना एकच उत्तर देतो. 'लास्ट राइट्स' चालला हे खरे, पण तो बारा वर्षे जपलेल्या ओळखीवर चालला, आणि त्याच शिदोरीवर 'एंडगेम'ही चालला होता. अशी शिदोरी एकदाच उघडता येते. त्यानंतर काय होते ते मार्व्हलने २०२३ च्या 'द मार्व्हल्स'मध्ये पाहिले. त्या चित्रपटाच्या दिग्दर्शिका निया डकोस्टा 'कँडीमॅन' हा भयपट करून तिथे गेल्या होत्या आणि मार्व्हलच्या सर्वांत कमी कमाईच्या चित्रपटाचे खापर त्यांच्या माथी फुटले. आता '२८ इयर्स लेटर' या भयपटाचा पुढचा भाग त्यांच्याकडे गेला, म्हणजे त्याही घरी परतल्या.

तुमच्या प्रश्नाची परीक्षा २०२६ साठी जाहीर झालेल्या दोन चित्रपटांत होईल असे दिसते. एकीकडे जुन्या-नव्या सगळ्या चेहऱ्यांना गोळा करणारा मार्व्हलचा 'डूम्सडे', आणि दुसरीकडे डीसी या प्रतिस्पर्धी कंपनीचा 'क्लेफेस', ज्याच्या लेखनात भयपटांसाठी प्रसिद्ध असलेले माईक फ्लॅनगन आहेत आणि दिग्दर्शन 'ईडन लेक' हा भयपट करणाऱ्या जेम्स वॉटकिन्स यांचे आहे. चेहरा वितळत जाणाऱ्या नटाची ही गोष्ट सरळ भयपट म्हणूनच केली जात आहे आणि खर्चही आटोपशीर ठेवला आहे, असे निर्माते सांगत आहेत. 'डूम्सडे' मी पाहीनच, पण रजा टाकून पहिल्या दिवशी जाणार आहे तो 'क्लेफेस'ला.